वकट, लेंड, मुंड, नाल

विटीदांडू खेळलेल्या कुणालाही ‘वकट’ म्हणजे काय ते विचारावे. तो लगेच विटी ठेवून दाखवेल. मग लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झकू अशी सगळी माळ एका दमात म्हणेल, आणि कुठल्या शब्दाला विटी कुठे ठेवायची, टोला कसा हाणायचा, तेही सांगेल. हे शब्द कुठल्या भाषेतले, असे विचारले की मात्र गाडी अडते. खेळातले शब्द ते, त्यांना अर्थ कशाला हवा? सोलापुरातल्या तेलुगू पद्मशाली घरातले पोर यावर हसेल. त्याच्या घरी ओकटि म्हणजे एक, रेंडु म्हणजे दोन, मूडु तीन, नालुगु चार आणि आरु सहा. मराठी मुलांनी मराठी मातीत, मराठी शिव्यांसकट, पिढ्यान्‌पिढ्या खेळलेला हा खेळ मोजला मात्र द्राविडी आकड्यांनी. हे आकडे नेमके तेलुगूचे की कानडीचे, यावर भांडायला जागा आहे. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, आरु. ‘नाल’ आणि ‘आर’ दोन्हीकडून येऊ शकतात, ‘वकट’ आणि ‘लेंड’ तेलुगूच्या अंगणात जास्त शोभतात.

हे पुस्तक या माळेपासून सुरू होते, आणि ते कुंभारीत बसून लिहिले गेले आहे हे विसरून वाचता येणार नाही.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर कुंभारी लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव ज्वारीच्या शिवारात आपल्यापुरते राहिले असते, पण विडी कामगार बायकांनी त्याचे नाव दिल्लीपर्यंत नेले. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने इथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताईंचे नाव विड्या वळणाऱ्या तेलुगू बायकांच्या वसाहतीला मिळावे, यातच या भागाचा स्वभाव दिसतो. पुढे त्याच परिसरात रे नगर आले. तीस हजार घरांच्या त्या योजनेतल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. लाल बावट्याने मागितलेली घरे वेगवेगळ्या पक्षांच्या दोन पंतप्रधानांनी येऊन द्यावीत, असे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येते.

एवढी माणसे आली ती आपापल्या भाषा घेऊन आली. घरात तेलुगू, शेजारी कानडी, बाजारात दखनी, शाळेत आणि कचेरीत मराठी. इथले पोर शाळेत जाण्याआधीच दोन-तीन भाषांत रुसते आणि दोन-तीन भाषांत खेळते. घरांच्या फरशीवर खडूने आखलेला पाच घरे रुंद, पाच घरे लांब असा तो जुना पट कुणाला चल्लस-आठ म्हणून ठाऊक असतो, कुणाला चौकाबारा म्हणून, कुणाला अष्टाचम्मा म्हणून. पट एकच, नावे तीन. कवड्यांचे दान मात्र सगळ्यांना सारखेच पडते.

खेळ, भाषेचा इतिहास आणि समाजाचे प्रश्न हे तीन विषय मराठीत सहसा वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. खेळावर लिहिणारा वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर असतो, भाषेवर लिहिणारा संशोधनपत्रिकेत आणि समाजावर लिहिणारा अग्रलेखात. या संग्रहाच्या लेखकाने मधल्या भिंती पाडल्या आहेत, आणि जे लिहिले आहे ते मत म्हणून लिहिले आहे. मत मांडण्याची मराठीतली परंपरा काही लेचीपेची नाही. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली, चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला काढली, आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ चा. चिपळूणकर भाषेवर तुटून पडले, आगरकर चालीरीतींवर. मात्र या मंडळींच्या लेखणीतून गल्लीतल्या पोराच्या खेळावर फारसे काही उतरले नाही. खेळ म्हणजे पोरासोरांची गोष्ट, तिथे मत कसले? इथे तीच उणीव हेरली आहे.

नव्या वाचकासाठी आधी भाषेच्या बाजूचा नकाशा मांडायला हवा, कारण सगळ्यांत जास्त भांडणे तिथेच आहेत.

पहिले घराणे वंशावळीचे. संस्कृत, मग महाराष्ट्री प्राकृत, मग अपभ्रंश, मग मराठी असा उतरता जिना. रा. गो. भांडारकर, वि. का. राजवाडे आणि फ्रान्समधून ज्यूल ब्लॉक यांनी हा जिना पायरी पायरीने बांधला. ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ शंभर वर्षांनंतरही बाजूला ठेवता येत नाही. या घराण्याने ध्वनिबदलांचे नियम दिले, शिस्त दिली. पण जिन्यावरून उतरणाऱ्याला फक्त वरची आणि खालची पायरी दिसते, शेजारचे घर दिसत नाही.

शेजारच्या घराकडे बोट दाखवणारे दुसरे घराणे. शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती: काही समस्या’ लिहून मराठी आणि कानडी यांचे मूळ गुंतलेले आहे असे ठासून सांगितले. विश्वनाथ खैरे यांनी तमिळच्या उजेडात मराठी शब्द आणि दैवते तपासली. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती पटत नाहीत, काही तर ओढून आणलेल्या वाटतात, पण त्यांनी विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द स्वयंपाकघरातून आणि ओसरीवरून आले, कुणा राजाच्या दरबारातून नाही. आणि प्रश्न शब्दांवर थांबत नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद द्राविडी भाषांच्या ओळखीचा आहे. ‘येतो म्हणून सांगितलं’ या वाक्यातला ‘म्हणून’ तेलुगूतल्या ‘अनि’सारखाच बसतो.

तिसरे घराणे संपर्काचे. एमेनो यांनी १९५६ साली भारत हा एकच भाषिक प्रदेश मानून त्याच्याकडे पाहावे असे सुचवले. १९७१ साली फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या उगमातच सरमिसळ असावी असा तर्क मांडला. त्याच वर्षी, त्याच ग्रंथात, गम्पर्झ आणि विल्सन यांचा कुपवाडवरचा निबंध आला. सांगलीजवळच्या या गावात मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे लोक शेकडो वर्षे एकत्र राहिले. शब्द आपापले राहिले, पण वाक्याची घडण इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येऊ लागले. आज जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत कुपवाडचे नाव घेतले जाते, आणि सांगलीच्या किती शाळांत ते घेतले जाते हा प्रश्न विचारू नये हे बरे. या संग्रहातले लेखन तिसऱ्या घराण्याकडे उघडपणे झुकलेले आहे. कुपवाडला जे वाक्यांच्या पातळीवर घडले ते सोलापूरच्या गल्लीत सुराच्या पातळीवर घडते, असे त्याचे म्हणणे. ‘काय करलालाव बे?’ हे वाक्य पुण्याच्या कानाला खटकते, इथे ते चार मातृभाषांच्या पोरांचे समाईक वाक्य आहे. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. दखनीतला ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘इच’ ही मराठीचीच देणगी.

कुंभारीच्याच तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या मंदिरातला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत मोजला जातो. हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाची त्याची अखेर आहे. तो उजेडात आणला आनंद कुंभार यांनी. विद्यापीठाच्या पगारी चौकटीबाहेर राहून त्यांनी सोलापूर जिल्ह्यातले शिलालेख आयुष्यभर गावोगाव फिरून शोधले. त्याच प्रदेशातले कितीतरी लेख कानडीत आहेत, आणि सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचनेही कानडीतच. आद्य मराठीचा अभिमान सांगणारा दगड कानडी दगडांच्या शेजारी उभा आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की सीमावादावरची पुष्कळ भाषणे फिकी वाटू लागतात. १९६७ साली महाजन आयोगाने सोलापूर जिल्ह्याचा अक्कलकोटकडचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असे सुचवले होते. दगडांना कुणी विचारले नाही.

आता खेळाची बाजू. इथे नकाशा तुलनेने नवा आणि बराचसा परदेशी आहे. डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ साली खेळ हा संस्कृतीच्या आधीचा, तिच्या मुळाशी असलेला, असे प्रतिपादन केले. रॉजर कायवा यांनी १९५८ साली खेळांच्या चार जाती लावल्या: चुरस, नशीब, सोंग आणि भोवळ. मराठी वाचकाला उदाहरणे शोधावी लागत नाहीत. कबड्डी, कवड्या, भातुकली आणि फुगडी. व्हिडिओ गेम आल्यावर नवा वाद पेटला. जॅनेट मरे यांच्यासारख्यांना त्यात कथेचे नवे रूप दिसले, एस्पेन आर्सेथ यांनी गेमला कादंबरीच्या मापाने मोजू नका, त्याचे नियम पाहा, असे बजावले. हा झगडा आता बराच निवळला आहे. भारतीय उपखंडातल्या गेमवर सौविक मुखर्जी यांच्यासारखे अभ्यासक लिहू लागले आहेत, आणि पुण्यात बनलेला ‘राजी’ २०२० साली जगभर खेळला गेला.

मराठीचे स्वतःचे सामान काही कमी नाही. जुन्या मोक्षपटांवर सापांना दुर्गुणांची आणि शिड्यांना सद्गुणांची नावे असत. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते, पुरावा मात्र परंपरेइतका उदार नाही. सावंतवाडीच्या गंजिफ्यात दहा अवतारांचे एकशेवीस गोल पत्ते आहेत. बडोद्याहून निघालेला मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश दहा खंडांचा आहे. बोलीत तर खेळ ठासून भरला आहे: डाव साधणे, दान पडणे, शह देणे, प्यादे पुढे करणे, राज्य घेणे. ‘राज्य घेणे’ हा तर अस्सल मराठी विनोद. खेळात राज्य ज्याच्यावर येते तो सगळ्यांत बिचारा असतो.

कबड्डीकडे लेखकाने वेगळ्या नजरेने पाहिले आहे, आणि पुस्तकातला सगळ्यांत टोकदार विचार तिथे आहे. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडुडू, तेलुगू मुलखात चेडुगुडु. दम टिकवायचा तो आपापल्या भाषेतल्या बोलावर. मग नियम एक झाले, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने प्रात्यक्षिक दाखवले, १९९० मध्ये खेळ आशियाई स्पर्धेत गेला. आज चढाईला जाणाऱ्याने ‘कबड्डी’ हाच शब्द घोकला पाहिजे, असा नियम आहे. प्रमाण भाषा नेमकी अशीच तयार होते, असे लेखक म्हणतो: मैदान मोठे होते, खेळाडूंना मान मिळतो, आणि हुतूतूला घरी बसवले जाते. तुलना थोडी ताणलेली आहे. प्रमाण मराठी बोलताना चुकले तर कुणी बाद होत नाही. पण मुलाखतीच्या खोलीत बसलेला कुंभारीचा मुलगा याच्याशी सहमत होईल का, हे त्यालाच विचारावे.

सामाजिक प्रश्न या पुस्तकात वेगळे प्रकरण म्हणून येत नाहीत. ते ‘खेळायला कोण येऊ शकतो’ या रूपात येतात. दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात आधी गोऱ्यांना सरावासाठी चेंडू टाकत असे, मग तो हिंदूंच्या संघाचा हुकमी गोलंदाज झाला. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे उचलत, चहा मात्र त्याला वेगळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्याच्या हाती आले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले, आणि विठ्ठलने आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले. खेळाचे नियम सगळ्यांना सारखे आणि मैदानाबाहेरचे नियम वेगळे, ही गोष्ट मराठी समाजाला फार पूर्वीच लेखी कळवलेली आहे.

विडी कामगार बाईची गोष्ट अशी लेखी नाही. मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू, बोटांना दोऱ्याची सवय. हजार विड्यांवर मजुरी, त्यातून छाट निघाली की ती वजा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तिला कामगार ठरवले, पण तिच्या घरातली मुलगी आईच्या सुपापाशी बसायला कायद्याची वाट पाहत नाही. सागरगोटे झेलताना बोटांना जो वेग लागतो तोच विडी वळायला लागतो. लेखकाच्या मते मुलीचे बालपण संपते ते याच वळणावर, बोटे तीच राहतात आणि खेळाचे काम होते. पुस्तकात हे फार थोड्या ओळींत सांगितले आहे. ते आणखी यायला हवे होते. मुलांच्या मोबाइल गेमना जितकी पाने मिळाली त्याच्या निम्मीही मुलींच्या खेळांना मिळालेली नाहीत, ही या संग्रहाची ठळक उणीव म्हणावी लागेल.

सोलापूर गिरणगावच. इथली जुनी गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीतली. गिरण्यांनी तेलंगणातून विणकर आणले, आणि याच कापसाच्या धाग्याने जुगारालाही एक भाषा दिली. मुंबईत साठच्या दशकात मटका सुरू झाला, त्याआधी लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथून आले आणि इंग्रजीचा एक धडाही न गिरवलेल्या कामगारांच्या तोंडी बसले. भाषा शाळेतूनच शिकली जाते असे मानणाऱ्यांनी या दोन शब्दांचा प्रवास जरूर पाहावा.

कायद्याचा प्रवासही तितकाच मजेदार आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आले ते चक्क शब्दकोडे. चमारबागवाला यांच्या बक्षिसी कोड्यांच्या खटल्यात न्यायालयाने जुगार आणि कौशल्य यांच्यात रेघ ओढली: जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही, कौशल्याच्या स्पर्धेला आहे. १९६७ मध्ये रमी कौशल्याच्या बाजूला गेली. या रेघेवर पुढे मोबाइलवरच्या रमीचे अख्खे दुकान उभे राहिले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून ही रेघच पुसली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्स आणि पैशाविना खेळायचे खेळ यांना मात्र मोकळीक. या बंदीवर इथे जे मत आहे ते सगळ्यांना रुचणार नाही. यंत्रमागावरच्या मजुराचा पगार एका रात्रीत गिळणाऱ्या ॲपबद्दल लेखकाला कणव नाही, पण ‘मोबाइलमुळे पोरे बिघडली’ या वाक्यातल्या सरसकटपणाचीही त्याला चीड आहे.

त्याच्या या चिडीला आधार आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, पुढच्या वर्षी तो खेळ नवे नाव घेऊन परतला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. या ये-जा करण्याच्या काळात गल्लीत एक नवी बोली तयार झाली. ‘नॉक झालो’, ‘लूट घे’, ‘झोन आला बे, पळ’, ‘रिव्हाइव्ह दे की’. क्रियापदे मराठी, नामे इंग्रजी, आणि चिडल्यावर बाहेर पडणारी शिवी ज्याच्या त्याच्या मातृभाषेतली. वकट-लेंडच्या काळात जे झाले असेल तेच पुन्हा घडते आहे, फक्त या वेळी ते ऐकायला आपण हजर आहोत. शेजारच्या भाषेने खेळ मोजायला शिकवले तेव्हा कुणी टिपून ठेवले नाही. आज ध्वनिमुद्रण खिशात आहे, तरी टिपणारे थोडेच.

म्हणूनच हे पुस्तक आत्ता येणे योग्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि सारी चर्चा पुन्हा प्राचीनतेच्या जिन्याकडे वळली. पाठोपाठ २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी या प्रश्नावर राज्य तापले, जूनच्या अखेरीस सरकारला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात तिसऱ्या भाषेच्या ओझ्याविषयी पुष्कळ बोलले गेले. कुंभारीच्या वसाहतीतल्या मुलाच्या हिशेबात ती तिसरी नव्हे, चौथी किंवा पाचवी होती. त्याची पहिली भाषा कुठल्याच बाजूच्या घोषणेत नव्हती.

पुस्तकाची मांडणी सरळ नाही. एका लेखात मोक्षपटापासून निघून लेखक थेट पैसे टाकून उघडायच्या आभासी पेट्यांपर्यंत पोहोचतो, दुसऱ्यात सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावांतून शहराची भाषा वाचतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे: १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेली ही चार नावे चार घरांच्या बोलींची आठवण देतात. काही ठिकाणी घाई आहे. गेम बनवणाऱ्यांविषयी फार कमी आहे, खेळणाऱ्यांविषयी भरपूर. मराठी पर्याय देणाऱ्या गेमची मागणी करताना तो कुठली मराठी, हा स्वतःच उभा केलेला प्रश्न विसरतो. पण मत मांडताना आपण कुठे उभे आहोत हे तो लपवत नाही, आणि मतलेखनाकडून एवढी अपेक्षा तरी असावीच.

शेवटच्या लेखात तो पुन्हा विटीकडे येतो. नालच्या पुढे आर कसा, चारनंतर थेट सहा? मधला पाच, म्हणजे तेलुगू-कानडीतला ‘ऐदु’, कुठे पडला? आणि आरनंतर येणारा ‘डोळा’ खरोखर डोळ्यावर विटी ठेवण्यावरून आला, की कानडीत सातला ‘एळु’ म्हणतात त्याचा कान चुकून झालेला हा डोळा? राहता राहिला झकू. त्याचा हिशेब लागत नाही. लेखकाने उत्तर दिलेले नाही. त्याऐवजी वाचकांनी आपल्या गावची माळ, आपल्या आजोबांना आठवते तशी, क्रम न बदलता लिहून काढावी, म्हणून त्याने पुस्तकाच्या अखेरीस दोन पाने कोरी सोडली आहेत.